चौकटीतली कवटी: वाघाची की सिंहाची?

दिठी

नमस्कार मंडळी. माझी मावशी प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या अभ्यासाच्या खोलीत एक मोठं फ्रेम केलेलं छापचित्र होतं, ते आता माझ्याकडे आलं आहे. मार्जारकुळातल्या कुठल्या तरी मोठ्या प्राण्याची कवटी आहे. वरच्या अर्ध्या भागात बाजूने दिसणारी, जबडा मिटलेला. खाली तीच कवटी वरून पाहिलेली, आणि तिच्या शेजारी सुटा खालचा जबडा. रंग अजिबात नाहीत, नुसती काळी शाई आणि पिवळट पडलेला कागद.

तळाशी नाव छापलेलं असणार. पण माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेला एका ओळीतल्या अक्षरांचे फक्त वरचे शेंडे दिसतात. ज्याने कोणी फ्रेम केली त्याने बहुतेक कागदच कापला. घरात सगळे त्याला 'वाघाची कवटी' म्हणत आले आहेत. मावशी स्वतः काय म्हणायची ते कुणालाच आठवत नाही, आणि आता ती नाही.

मला चौकटीच्या मागे बरोबर नाव लिहून ठेवायचं आहे. तिने हे चित्र इतकी वर्षं डोळ्यासमोर ठेवलं होतं, तर ते काय आहे हे निदान आपल्याला माहीत असावं असं मनापासून वाटतं. आयाळ नाही, पट्टे नाहीत, नुसत्या हाडावरून वाघ-सिंह ओळखता येतो का? शिवाय हे खरंच जुनं छापचित्र आहे की नंतर कधी काढलेली नक्कल, हे घरच्या घरी कसं बघायचं? आणि ते टिकावं म्हणून काय करू?

अस्थिमित्र

ओळखता येतं. कातडी काढली की वाघ आणि सिंह इतके सारखे दिसतात की भलेभले थबकतात, पण कुठे बघायचं ते माहीत असेल तर हाड बोलतं. मी संग्रहालयात हाडांच्या विभागात काम केलं आहे, कवट्या साफ करणं, नोंदी करणं हेच रोजचं. तुमच्या चित्रात वरून आणि बाजूने असे दोन्ही देखावे आहेत आणि जबडाही सुटा दाखवला आहे. याहून जास्त काही मागायला नको.

आधी सुटा जबडा बघा. त्याची खालची कड हनुवटीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत बोटाने काचेवरून गिरवा. वाघाची ही कड सरळ असते किंवा मधोमध किंचित आत गेलेली. म्हणून वाघाचा जबडा टेबलावर ठेवला की हनुवटी आणि मागचा कोपरा असे दोन्हीकडे टेकतो आणि स्थिर बसतो. सिंहाची कड मध्ये खाली फुगलेली असते. टेबलावर ठेवून एका टोकाला बोट लावलं की जबडा पुढे-मागे डुलतो. नव्या मुलांना मी पहिल्यांदा हेच करायला लावायचो. एकदा हाताने अनुभवलं की चित्रातही डोळा नेमका तिथेच जातो.

मग वरून दिसणाऱ्या कवटीकडे या. नाकाच्या भोकापासून वर कपाळाकडे जाणारी दोन लांबट हाडं आहेत, एकमेकांना चिकटून. ती नाकाची हाडं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी वरच्या जबड्याच्या हाडाचा एकेक फाटा कपाळाकडे चढतो. आता कोण जास्त वर पोचतं ते बघा. वाघात नाकाची हाडं पुढे निघून जातात आणि बाजूचे फाटे त्यांच्या आधीच, बोथटपणे संपतात. सिंहात बाजूचे फाटे टोकदार असतात आणि नाकाच्या हाडांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही वर जातात. चित्रकाराने सांधे नीट रेखाटले असतील तर हा फरक भिंगाशिवायही दिसेल.

तिसरी खूण जरा मऊ आहे, एकटीवर विसंबू नका. बाजूने पाहिलं तर सिंहाचं कपाळ सपाट असतं आणि वाघाचं थोडं गोलाईचं. पण नर-मादी आणि वय यांनी हे बदलतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट आधी पक्की करायला हवी: ही बिबट्याची किंवा जग्वारची कवटी तर नाही ना? चित्राखाली 'मूळ आकाराच्या इतक्या पट' अशी नोंद असायची, ती तुमच्याकडे दिसत नाही, त्यामुळे माप गेलं. तरी प्रमाणावरून बरंच कळतं. प्राणी जितका मोठा, तितकी डोळ्याची खोबण आणि मेंदूची पेटी बाकी कवटीच्या मानाने लहान. बिबट्यात डोळे मोठे आणि मागचा डबा गोल, भरलेला वाटतो. वाघ-सिंहात चेहराच सगळी जागा खातो, मेंदूची पेटी मागे आक्रसून बसलेली दिसते, आणि तिच्यावर मधोमध हाडाचा उभा कंगोरा असतो. चावण्याचा मोठा स्नायू त्या कंगोऱ्याला धरून असतो, म्हणून पूर्ण वाढलेल्या नरात तो सर्वांत उंच. चित्ता असेल तर लगेच कळेल: कवटी आखूड, घुमटासारखी, आणि सुळे अंगाच्या मानाने बारीक.

एवढं बघून इथे लिहा, मग पुढे बोलू. घाई करू नका, उजेड एका बाजूने येईल असं बसून बघा म्हणजे काचेची चमक आड येणार नाही.

कागदकाम

मी जुने कागद दुरुस्त करते, म्हणून हाडांबद्दल बोलत नाही, कागदाबद्दल बोलते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसं चालेल. काचेवर टेकवून डोळ्याच्या खोबणीतला सगळ्यात गडद भाग बघा आणि मग कपाळावरची फिकट छटा बघा. समान अंतरावर, शिस्तीत ओळीने ठिपके दिसले तर तो हाफटोन, म्हणजे फोटोवरून केलेला ब्लॉक, आणि तो १९ व्या शतकाच्या अखेरीपासून पुढचा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलांच्या पाकळ्यांसारख्या गोलांत दिसले तर ऑफसेटची आधुनिक नक्कल. कसलाही क्रम नसलेले बारीक फवाऱ्याचे ठिपके असतील तर घरगुती किंवा स्टुडिओतला इंकजेट.

यातलं काहीच नसेल तर मुख्यतः दोन शक्यता राहतात. रेघा मिळून छटा झाली असेल, प्रत्येक रेघ टोकाला निमुळती होत असेल आणि शाई कागदावर किंचित उंचावलेली वाटत असेल, तर तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरून काढलेला छाप. त्याच्या भोवती पत्र्याचा दाबही उमटलेला असतो, पण तुमच्याकडे माउंटने तो झाकला असेल. आणि रेघांऐवजी खडबडीत दाणा दिसला, खडूने खरखरीत कागदावर घासल्यासारखा, तर शिळाछाप, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राचा छाप. हे तंत्र सेनेफेल्डरने १७९६ मध्ये शोधलं. हाडासाठी ते फार छान, कारण दगडाचा दाणा आपोआप हाडाचा सच्छिद्रपणा दाखवतो. आँरी द ब्लँव्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ पासून सस्तन प्राण्यांच्या हाडांची जी प्रचंड चित्रमाला काढली, तिच्यातले छाप व्हेर्नर या चित्रकाराने दगडावर केले होते. मार्जारकुळाला त्यात मोठा वाटा मिळाला आहे. तुमचं चित्र त्यातलंच असं मी म्हणत नाही. त्या काळात अशी कामं इतरांनीही केली, आणि त्यांच्या नकला आजही छापल्या जातात. म्हणून आधी भिंग.

आता टिकवण्याबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. काळी शाई कार्बनची असते, ती सहसा फिकी पडत नाही. धोका कागदाला आहे. माउंटच्या खिडकीची तिरकी कापलेली कड बघा. पांढरी असेल तर ठीक. तपकिरी झाली असेल तर माउंट लाकडाच्या लगद्याचं, आम्लयुक्त आहे आणि ते कागदाला रोज थोडं थोडं जाळतंय. कागदावर त्याच कडेला समांतर तपकिरी पट्टा दिसेल. असं असेल तर माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लविरहित करून घ्या. कागद काचेला चिकटता कामा नये, माउंटची जाडी तेवढ्यासाठीच असते. चिकटपट्टी कधीच नाही. कागद वरच्या कडेला जपानी पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने लटकवायचा असतो.

उजेड साचत जातो, हे लोकांना पटत नाही. आज पडलेला उजेड उद्या परत घेता येत नाही. संग्रहालयात कागदी कामांवर ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, आणि बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतो. यावरून खिडकीसमोरच्या भिंतीचं काय ते ठरवा. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, ती जरूर लावा, पण ती लावली म्हणून ऊन चालतं असं नाही. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना लहान बुचं चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल.

कागद 'पांढराशुभ्र करून देतो' असं कुणी म्हटलं तर द्यायचा नाही. पिवळेपणा घालवायला वापरलेलं ब्लीच नीट धुतलं गेलं नाही तर कागद ठिसूळ होतो.

आणि हो, मजकुराची ओळ कापलेलीच आहे असं धरून चालू नका. अक्षरांचे शेंडे दिसतात म्हणजे बाकीची ओळ माउंटखाली शाबूत असण्याची चांगली शक्यता आहे. कधी कागद मोठा पडला तर खालचा भाग मागे दुमडूनही टाकतात. तसं असेल तर स्वतः उलगडू नका, जुनी घडी तिथेच तुटते.

शिसपेन्सिल

मी प्राण्यांची चित्रं काढते, म्हणून दोन गोष्टी विचारते.

मिटलेल्या जबड्यात खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे आहे की मागे? पुढेच असायला हवा. वरचा सुळा आणि त्याच्या मागची पहिली मोठी उपदाढ यांत मोकळी जागा असते. शोभेसाठी काढलेल्या कवट्यांमध्ये सर्रास उलटं असतं, वरचा सुळा पुढे आणि खालचा मागे. समोर खरी कवटी ठेवून काढलेल्या चित्रात हे चुकत नाही.

दुसरं म्हणजे सावली कुठल्या बाजूला आहे? शास्त्रीय चित्रांत उजेड वरून डावीकडून येतो असं धरण्याचा रिवाज आहे. तो काही कायदा नाही. पण दुसऱ्याच्या छापावरून दगडावर किंवा पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं, तर छापताना चित्र आरशातल्यासारखं फिरतं आणि उजेड उजवीकडून आलेला दिसतो. जुन्या काळी एकमेकांची चित्रं अशी खूप उतरवली गेली.

दिठी

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, खूप बरं वाटलं. भिंग घेऊन बसले होते. दिसलं ते असं.

ठिपके नाहीत. रंगीत नाहीत, काळेही नाहीत. डोळ्याच्या खोबणीत शाई जवळजवळ एकसंध काळी आहे आणि कडेला येता येता ती दाण्यादाण्यांनी विरळ होते. दाणे सारख्या आकाराचे नाहीत. गालाच्या कमानीवर तर हाड खरंच खरखरीत लागेल असं वाटतं. निमुळत्या रेघा फक्त दातांवर आणि कवटीच्या सांध्यांवर आहेत.

जबड्याची खालची कड मध्ये स्पष्ट खाली आली आहे. पट्टी काचेवर आडवी धरून बघितली, दोन्ही टोकं पट्टीपासून वर राहतात. नाकाच्या हाडांचं मात्र मजेशीर आहे. डाव्या बाजूचा फाटा टोकदार असून नाकाच्या हाडांच्या वर निघून जातो, उजवीकडचा जेमतेम बरोबरीला येतो. खोबण लहान आहे, चेहरा लांब, मधला कंगोरा उंच आणि मागपर्यंत गेलेला. सुळा बरोबर जागी आहे, खालचा पुढे. वरच्या सुळ्यामागच्या जागेत एक अगदी बारका दात दिसतो, तो काय?

उजेड उजवीकडून येतो. माउंटची कड तपकिरी आहे, हे वाचून काळजी वाटली.

अस्थिमित्र

सिंह. जबड्याची कड आणि नाकाजवळचे टोकदार फाटे एकाच दिशेने बोट दाखवत आहेत, आणि मी या दोन्ही खुणा एकत्र आल्या की निर्धास्त होतो. एकच असती तर 'बहुधा' म्हटलं असतं. उंच कंगोऱ्यावरून पूर्ण वाढलेला नर.

डाव्या-उजव्या फाट्यांत फरक आहे ही माझ्या दृष्टीने या चित्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. खरी कवटी कधीच दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते. मनाने काढणारा माणूस एक बाजू काढतो आणि दुसरीकडे तीच उलटवतो. इथे कुणीतरी एका विशिष्ट सिंहासमोर बसून, त्याची डावी बाजू डावीसारखी आणि उजवी उजवीसारखी काढली आहे. शिसपेन्सिल म्हणतात तसं हे दुसऱ्या छापावरून फिरवून घेतलेलं असेल, तरी मूळ चित्रकाराचं ते निरीक्षण शिल्लक राहिलं. फक्त मग तुमचं डावं-उजवं सिंहाच्या उलट असेल, एवढं लक्षात ठेवा.

तो बारका दात म्हणजे वरची पहिली उपदाढ. मोठ्या मांजरांत ती जवळजवळ निरुपयोगी असते, काहींत उगवतच नाही. वरच्या बाजूला अशीच आणखी एक बारकी दाढ सगळ्यात मागे, मोठ्या कापणाऱ्या दाताच्या आड लपलेली असते. ती बाजूने सहसा दिसत नाही. वर १६, खाली १४, मिळून ३० दात. कुत्र्याला ४२ असतात. मांजरकुळाने चघळण्याचे दात जवळपास सोडून दिले, मांस कापायला वरची मोठी उपदाढ आणि खालची दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरतात, एवढंच ठेवलं. जबड्याचा सांधा आडव्या दांडीसारखा खोबणीत घट्ट बसलेला असल्यामुळे वर-खाली हालचाल होते, गाईसारखं आडवं रवंथ करता येत नाही. तुमच्या सुट्या जबड्याच्या मागच्या टोकाला ती आडवी दांडी दिसेल, बघा.

एक गोष्ट मनात ठेवा. त्या काळी युरोपात शास्त्रज्ञांच्या हाती येणारे बरेच सिंह पिंजऱ्यातले असत. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातलं प्राणिसंग्रहालय १७९४ चं, आणि तिथे मेलेले प्राणी त्याच संस्थेच्या शरीररचनेच्या संग्रहात जात. १९१७ मध्ये नेड हॉलिस्टर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने पिंजऱ्यात वाढलेल्या आणि रानातल्या सिंहांच्या कवट्या ताडून दाखवलं की पिंजऱ्यातल्यांची कवटी आखूड आणि रुंद होते. लहानपणापासून शिकार ओढावी लागत नाही, हाडं चावावी लागत नाहीत, मानेला आणि जबड्याला जो ताण मिळायचा तो मिळत नाही, आणि हाड त्याप्रमाणे घडतं. म्हणून तुमच्या चित्रातली कवटी फार रुंद वाटली तर 'सगळे सिंह असेच' असं धरू नका. मला स्वतःला हे नेहमी अस्वस्थ करतं. एका प्राण्याचं सगळं आयुष्य गजाआड गेलं आणि त्याची खूण हाडात राहिली, आणि पुढे पुस्तकांनी तीच कवटी जातीचा नमुना म्हणून पिढ्यानपिढ्या छापली.

मागे लिहिताना नुसतं 'सिंह' लिहू नका. कशावरून ठरवलं तेही लिहा: जबड्याची कड, नाकाजवळचे फाटे. उद्या कुणाला शंका आली तर त्याने तपासून बघावं. आणि मजकुराची ओळ सापडली आणि तिच्यात 'फेलिस लिओ' असं नाव निघालं तर गोंधळू नका. प्राण्यांना दुहेरी शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये सिंह, वाघ, बिबट्या, जग्वार सगळ्यांना 'फेलिस' याच गटात घातलं होतं. त्यांच्या गटाचं आजचं 'पँथेरा' हे नाव ओकेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये दिलं, पण सर्वत्र रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

कागदकाम

दाण्याचं वर्णन शिळाछापाचंच आहे, आणि दातांवरच्या रेघा टोकदार खडूच्या किंवा पेनने काढलेल्या असतील, तेही त्यात बसतं. काळ मात्र कागद हातात घेतल्याशिवाय कुणी सांगू नये.

तपकिरी कड म्हणजे माउंट बदलायचं, पण आजच्या आज नाही. तोवर भिंतीवरून उतरवून, चेहरा वर करून, अंधाऱ्या कोरड्या जागी आडवं ठेवा. फ्रेम स्वतः उघडायची असेल तर मागच्या खिळ्यांवर जोर देऊ नका, आणि कागद बोर्डला चिकटलेला आढळला तर तिथेच थांबा, ओढू नका. नाव लिहाल ते मऊ पेन्सिलीने, नव्या मागच्या बोर्डवर. छापाच्या कागदावर काहीही लिहायचं नाही, मागच्या बाजूलाही नाही.

दिठी

आडवं ठेवलं. जबड्याच्या टोकाची आडवी दांडीही सापडली, आधी ती मला नुसती सावली वाटली होती. कागद दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार बाईंकडे फ्रेम उघडायला देणार आहे आणि समोर बसून बघणार आहे. ओळ शाबूत निघाली तर तिच्यावर काय लिहिलंय ते इथे टाकते, आणि वरून दिसणाऱ्या कवटीची लांबी-रुंदीही मोजून आणते. अस्थिमित्र, त्या मापांवरून पिंजऱ्यातला की रानातला याचा अंदाज बांधता आला तर सांगाल ना?

अस्थिमित्र

सांगेन. लांबी वरच्या पुढच्या दातांच्या कडेपासून मागच्या कंगोऱ्याच्या टोकापर्यंत घ्या, आणि रुंदी दोन्ही गालांच्या कमानी जिथे सर्वांत बाहेर येतात तिथे. एका चित्रावरून खात्री देता येणार नाही, पण अंदाज जरूर बांधू.